वेदनेचाही हिशेब असतो, तो मागा!



अपघात झाला की घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो दवाखान्याच्या बिलाचा. दुसरा प्रश्न बुडालेल्या रोजीचा. तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारतच नाही. ज्या माणसाने तीन महिने पायात सळई घालून खाटेवर काढले, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागला नाही, संडासला जायलाही ज्याला बायकोचा खांदा धरावा लागला, त्याच्या त्या दुखण्याचे काय? आपल्याकडे उत्तर ठरलेले आहे : "जीव वाचला, हेच खूप झाले."

जीव वाचला हे चांगलेच झाले. पण ते दुखणे दुसऱ्याच्या बेपर्वाईने आले असेल, तर त्याचेही पैसे मागण्याचा हक्क कायद्याने आपल्याला दिला आहे. आणि हे पैसे गाडीमालकाच्या दारात हात जोडून मागायचे नसतात. ते त्या गाडीच्या विमा कंपनीकडून थेट मागता येतात. आपल्यातल्या फार थोड्या लोकांना हे ठाऊक आहे. म्हणून आजचे हे सदर आम्ही याच विषयाला दिले आहे.

विमा मालकाचा, हक्क आपला

पुष्कळांचा गैरसमज असा, की विमा गाडीमालकाने काढला, हप्ता त्याने भरला, मग कंपनी आपल्याला कशाला विचारील? साध्या व्यवहारात हे खरे आहे. करार दोघांचा असला तर तिसऱ्याला त्यात बोलता येत नाही. पण रस्त्यावरच्या अपघाताला कायद्याने यातून वगळले आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला 'थर्ड पार्टी' विमा सक्तीचा आहे. मालक पहिला, कंपनी दुसरी आणि रस्त्यावरचा माणूस, म्हणजे तुम्ही-आम्ही, तिसरा. हा विमा गाडी दुरुस्त करण्यासाठी नसतो. त्या गाडीने ज्याला इजा केली त्याला भरपाई मिळावी यासाठी तो असतो. न्यायाधिकरणाने मालकाविरुद्ध भरपाईचा हुकूम केला, की तो जणू कंपनीवरच झाला आहे असे समजून कंपनीने पैसे जखमीला द्यायचे, असे कायदा सांगतो. म्हणून अर्जात चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही सामनेवाले करायचे असते. कंपनीचे नाव राहून गेले, तर पैसे देणारा हातच बाहेर राहिला असे समजा.

कंपनीने स्वतःहून पुढे यायचे आहे

२०१९ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि तिचा भरपाईचा भाग १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. आता अपघाताची खबर मिळाली की कंपनीने एक अधिकारी नेमायचा आणि त्याने ३० दिवसांच्या मुदतीत जखमीला तडजोडीची रक्कम देऊ करायची, अशी तरतूद आहे. ही रक्कम न्यायाधिकरणापुढे मांडायची असते. आपल्याला मान्य असेल तर न्यायाधिकरण तशी नोंद करते आणि त्यानंतर जास्तीत जास्त ३० दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. मान्य नसेल तर 'नाही' म्हणायचे. नाही म्हटल्याने दावा बुडत नाही. न्यायाधिकरण सुनावणीची तारीख देते आणि वाढीव रकमेवर सुनावणी होते.

पोलिसांनाही मुदती घालून दिल्या आहेत. पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत, तपशीलवार अहवाल ९० दिवसांत. हे अहवाल न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे जातात. जखमीला त्याचे हक्क समजावून सांगणारा छापील फॉर्म देणे हेही तपास अधिकाऱ्याचे काम आहे. या नियमांची नीट अंमलबजावणी करा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये बजावले आहे. तेव्हा पोलीस ठाण्यात जाऊन "साहेब, आमचा अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे गेला का?" असे विचारायला लाजू नका. आपण उपकार मागत नाही, कागद मागतो आहोत.

कंपनी कोणत्या रकमेवर बोळवण करते?

खरी मेख इथे आहे. देऊ केलेली रक्कम बहुतेक वेळा बिलांच्या बेरजेवर बेतलेली असते. समोरचा माणूस गोड बोलतो, "भाऊ, कोर्टात दहा वर्षे जातील. हे घ्या आणि मोकळे व्हा." घरात उधारी झालेली असते, किराणावाल्याने हात आखडता घेतलेला असतो. आपण सही करतो. आणि 'पूर्ण व अंतिम तडजोड' एवढ्या चार शब्दांवर बाकीचे सगळे हक्क सुटतात.

म्हणून सही करण्यापूर्वी भरपाईचे रकाने माहीत पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालच्या 'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' या निकालात ते नीट मांडून दिले आहेत. पैशाने मोजता येणारे रकाने तीन : उपचार, औषधे, प्रवास, चांगलेचुंगले खाणे आणि देखभाल यांचा खर्च; बुडालेली आणि पुढे बुडणारी कमाई; पुढच्या उपचारांचा खर्च. पैशाने न मोजता येणारे रकानेही तीन : वेदना, यातना व मनाला बसलेला धक्का, आयुष्यातल्या सुखसोयी गमावणे, आणि आयुष्यच कमी होणे. सुखसोयी म्हणजे चैन नव्हे. लेकराला कडेवर घेणे, विहिरीवरून पाणी आणणे, लग्नात नाचणे, मांडी घालून पंगतीला बसणे, हे सगळे त्यात येते. तरुण मुलामुलीचे लग्न जमण्यात अपंगत्वामुळे अडचण येणार असेल तर तेही यातच धरतात.

हाड मोडले, पण बरे झाले आणि कायमचे अपंगत्व राहिले नाही, तरी वेदनेचा रकाना रिकामा राहत नाही. रक्कम कमी मिळेल, पण मिळेल. ती मागितली मात्र पाहिजे.

एक हिशेब मांडून पाहू

समजा, ३४ वर्षांचा एक गवंडी आहे. महिन्याला १८,००० रुपये कमावतो. टेम्पोने धडक दिली, मांडीचे हाड मोडले, सहा महिने घरी बसला. बिले झाली ९०,००० रुपयांची. पाय आखूड राहिला, परातीवर चढता येत नाही. त्याची काम करण्याची ताकद २५ टक्के गेली असे न्यायाधिकरणाने धरले.

उपचार : ९०,०००. सहा महिन्यांची बुडालेली रोजी : १,०८,०००. आता पुढची कमाई. स्वतःच्या हिमतीवर कमावणारा माणूस ४० वर्षांखालचा असेल तर पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के भर धरतात. १८,००० चे झाले २५,२००. वर्षाचे ३,०२,४००. त्याचे २५ टक्के ७५,६००. आणि ३१ ते ३५ या वयाला सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ सालच्या निकालाप्रमाणे गुणक आहे १६. गुणाकार केला तर १२,०९,६०० रुपये. तीन रकान्यांची बेरीज झाली १४,०७,६००. यात वेदना आणि सुखसोयींचा एक रुपयाही अजून धरलेला नाही!

आता याच गवंड्याला कोणी "बिलाचे ९०,००० आणि वर ६०,००० घ्या" म्हणाले आणि त्याने सही केली, तर काय गेले ते तुम्हीच मोजा. पोरांचे शिक्षण गेले, घरावरचे पत्रे गेले, म्हातारपणाचा आधार गेला. हा आकडा समजण्यापुरता आहे, प्रत्येकाची रक्कम त्याच्या पुराव्यावर ठरते. पण रीत हीच आहे.

वेदनेची किंमत कशी ठरते?

कमाईला सूत्र आहे, वेदनेला नाही. दुखापत केवढी, शस्त्रक्रिया किती, दवाखान्यात किती दिवस, वय काय, पुढे आयुष्यभर काय सोसायचे आहे, हे पाहून न्यायाधिकरण रक्कम ठरवते. किरकोळ आकडा लिहून हा रकाना उरकून टाकण्याची सवय मात्र सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढली आहे. १२ व्या वर्षी मेंदूला मार बसून कायमची परावलंबी झालेल्या एका मुलीला २०२० साली वेदना आणि सुखसोयींपोटी १५ लाख रुपये मंजूर झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ९० टक्के अपंगत्व आलेल्या एका नोकरदार माणसाला एकट्या वेदना-यातनांच्या रकान्यात १५ लाख मिळाले. ही फार गंभीर प्रकरणे आहेत, सगळ्यांना एवढे मिळणार नाही. पण वेदना हा शोभेचा रकाना नाही, हे यातून सिद्ध झाले.

लेकरांसाठी तर २०१३ सालच्या निकालात टप्पेच ठरवून दिले आहेत. सर्व शरीराचे कायमचे अपंगत्व १० टक्क्यांपर्यंत असेल तर १ लाख, त्यापुढे ३० टक्क्यांपर्यंत ३ लाख, ६० टक्क्यांपर्यंत ४ लाख, ९० टक्क्यांपर्यंत ५ लाख आणि त्यावर ६ लाख. उपचाराचा आणि देखभालीचा खर्च याहून वेगळा.

जखमी माणूस दावा चालू असताना दगावला, तर "आता दावा संपला" असे कोणी म्हणेल. ऐकू नका. मृत्यू त्या जखमेने झालेला असो वा नसो, भरपाई मागण्याचा त्याचा हक्क वारसांकडे येतो, असे २०१९ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे.

दुखणे कागदावर आणा

न्यायाधीशाला आपले दुखणे दिसत नाही, कागद दिसतो. म्हणून एक पिशवी करा आणि पहिल्या दिवसापासून सगळे तिच्यात टाका. एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत, डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेचे कागद, एक्स-रे, औषधांची बिले, रिक्षाचे भाडे, व्यायामोपचाराच्या तारखा. घरातल्या शाळकरी पोराला वही द्या आणि रोज दोन ओळी लिहायला सांगा : आज बाबा किती वेळ उठून बसले, कोणती गोळी घेतली, झोप लागली का. जखमेचे, टाक्यांचे, कुबडीचे फोटो ठेवा. देखभालीसाठी घरातल्या बाईने धुण्याभांड्याची कामे सोडली असतील तर तेही लिहून ठेवा. तिचीही रोजी बुडाली आहे.

अपंगत्वाचा दाखला जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाकडून घ्या. दाखल्यावर पायाचे अपंगत्व लिहिले आहे की सर्व शरीराचे, ते पाहा. आणि टक्क्यांवर थांबू नका. कारकुनाचे एक बोट गेले तर त्याचे काम चालते, शिलाई करणाऱ्या बाईचे गेले तर तिचे पोट जाते. कामावर काय परिणाम झाला हे डॉक्टरांच्या साक्षीने आणि आपल्या साक्षीने सांगावे लागते.

मजुरीची पावती नसेल तर घाबरू नका. मुकादम, शेजारी, किराणावाला यांची साक्ष चालते. फौजदारी खटल्यात लागतो तसा संशयातीत पुरावा इथे लागत नाही. आणि घर सांभाळणाऱ्या बाईला "कमाई शून्य" म्हणून कोणी वाटेला लावू शकत नाही. घरकामाचेही मोल धरावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या निकालात पुन्हा सांगितले आहे.

सहा महिने, विसरू नका

अपघातापासून ६ महिन्यांच्या आत अर्ज करावा, अशी मुदत १ एप्रिल २०२२ पासून आली आहे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर ते २०२२ पर्यंत अशी मुदतच नव्हती. म्हणून जुनी माणसे अजून सांगतात, "दावा काय, केव्हाही करता येतो." त्या भरवशावर राहू नका. या मुदतीवरून सर्वोच्च न्यायालयात प्रकरणे गेली आणि केवळ उशिराच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. पण अंतरिम आदेश म्हणजे अखेरचा निकाल नव्हे. सहा महिन्यांच्या आत अर्ज टाकणे हेच शहाणपण.

अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. अपघात झाला तिथे, आपण राहतो किंवा कामधंदा करतो तिथे, किंवा सामनेवाला राहतो तिथे, यांपैकी कुठेही. नगरचा माणूस पुण्यात जखमी झाला तर दर तारखेला पुण्याला जायलाच हवे असे नाही.

कुठे कंपनी हात झटकते?

हेही नीट समजून घ्या. चालकाकडे परवाना नव्हता, असा बचाव कंपनी घेते. अशा वेळी आधी कंपनीने जखमीला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश न्यायालयांनी पुष्कळदा दिले आहेत. तेव्हा त्या बचावाने खचून जाऊ नका.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांच्या फार जवळची आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला, दसऱ्याला दीक्षाभूमीला, १ जानेवारीला भीमा कोरेगावला आपण टेम्पो-ट्रक करून जातो. मालवाहू गाडीत बसलेल्या प्रवाशाला सक्तीच्या विम्याचे संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली सांगितले आहे. माल घेऊन चाललेला मालाचा मालक किंवा त्याचा माणूस एवढ्यालाच ते आहे. बाकीच्यांना गाडीमालकाच्या मागे धावावे लागते, आणि त्याच्याकडे काही नसेल तर हाती काहीच लागत नाही. चार पैसे जास्त लागले तरी प्रवासी गाडीच करा, आणि ठरवताना तिच्या विम्याचा कागद पाहा. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्यालाही, मालकाने फक्त थर्ड पार्टी विमा काढला असेल तर, त्याच गाडीच्या कंपनीकडून पैसे मिळत नाहीत. मुलाने गाडी घेतली असेल तर पूर्ण विमा काढायला सांगा.

तिसरी गोष्ट ड्रायव्हर-क्लीनर भावांसाठी. कामावर असताना अपघात झाला तर कामगार भरपाईचा कायदा आणि मोटार वाहन कायदा यांपैकी एकच रस्ता निवडता येतो. कामगार भरपाईत चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही, पण तिथे वेदनेचा रकानाच नाही. फॉर्मवर सही करण्यापूर्वी दोन्ही हिशेब मांडून घ्या.

गाडी ठोकून पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी सरकारी योजनेतून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. आणि मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीवर पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोख न घेता उपचार करण्याची केंद्राची योजना आहे. दवाखान्यात तिचे नाव घेऊन विचारा.

वकील आणि एजंट

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात फिरणारे लोक असतात. "तुम्ही काही करू नका, फक्त सही द्या. मिळाले तर अर्धे-अर्धे." कोऱ्या कागदावर, कोऱ्या वकीलपत्रावर सही देऊ नका. दाव्याच्या रकमेत टक्केवारीने वाटा घेणे वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही.

पैसे नाहीत म्हणून वकील नाही, असेही होऊ नये. १९८७ च्या विधिसेवा कायद्याने अनुसूचित जाती-जमातीचे लोक, सर्व महिला, मुले, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील दिला आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेल्या आपल्या बांधवांनाही अनुसूचित जातीचा हक्क आहे. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात विधिसेवेचे कार्यालय असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो.

लोकअदालत चांगली, निकाल लवकर लागतो. पण तिथल्या तडजोडीवर अपील नाही. म्हणून तिथेही वेदनेचा रकाना वेगळा लिहिला आहे का, हे विचारा आणि मगच सही करा. रक्कम मंजूर झाली की ती जखमीच्या स्वतःच्या बँक खात्यात जाईल असे पाहा. सगळी उडवू नका, काही भाग मुदतठेवीत राहू द्या.

माय-माउल्यांनो, अपघात झालेल्या घरात पुरुष खाटेवर असतो आणि कागद तुमच्या हातात येतात. "मला काय कळते त्यातले" असे म्हणून अंगठा देऊ नका. वस्तीतल्या शिकलेल्या मुलाला बोलवा, कागद मोठ्याने वाचून घ्या, प्रत मागून घ्या. कोणी घाई केली तर एवढेच म्हणा : "दादा, बिलाचे दिलेत, रोजीचे दिलेत. ह्यांनी जे सोसले त्याचे कुठे लिहिले आहे ते दाखवा, मग सही करते."